ग्वाल्हेरहून हत्ती बघायला जायचंय: मथुरेचं केंद्र की जयपूरचं हत्तीगाव?

आपल्या ग्वाल्हेरात हत्तीच्या गोष्टी भरपूर. जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधली झुंबरं छत पेलेल की नाही हे बघायला वर हत्ती चढवले होते हे आपण प्रत्येक पाहुण्याला सांगतो, किल्ल्यावर हाथी पौर हा दरवाजा आहे आणि तिथे एकेकाळी असलेल्या दगडी हत्तीबद्दल बाबरानंही लिहून ठेवलंय. पण जिवंत हत्ती निवांत बघायचा तर बाहेर जावं लागतं, आणि मुलांच्या सुट्ट्या लागल्या की घराघरात दोनच नावं निघतात: आग्र्याच्या पुढे मथुरेच्या वाटेवरचं, वाइल्डलाइफ एसओएस या प्राणी सोडवून सांभाळणाऱ्या संस्थेचं केंद्र, नाहीतर जयपूरचं हत्तीगाव आणि आमेरची हत्तीवरची सवारी. दोन्हीकडे हत्तीच आहेत, पण दिवस अगदी वेगवेगळा जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी अंतर. मथुरेचं केंद्र फरहजवळच्या चुरमुरा गावात आहे, मुरैना, चंबळचा पूल, धौलपूर, आग्रा करत साधारण दीडशे किलोमीटर, म्हणजे पहाटे निघालात तर रात्री जेवायला घरी. ट्रेननं आग्रा कँट किंवा मथुरा जंक्शनला उतरून टॅक्सीही करता येते. जयपूर सव्वातीनशेच्या वर, मुक्काम आलाच. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं धुकं इतकं असतं की पुढचा ट्रकही दिसत नाही, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर नोव्हेंबर नाहीतर फेब्रुवारी-मार्च बघा. मे-जूनमधे हत्ती पाण्यात डुंबतील पण आजी-आजोबांचं काय, ते मात्र उन्हात भाजून निघतील.

आता खरा फरक. मथुरेला हत्ती तुमच्यासाठी काहीही करत नाही. वर बसणं नाही, सोंडेनं हार घालणं नाही, बॉल मारणं नाही. आधी बुकिंग करायचं, फी भरायची, ठरलेल्या वेळेत त्यांचा माणूस तुम्हाला फिरवतो, हत्ती कुठून आला, त्याला काय झालंय ते सांगतो आणि तुम्ही अंतर राखून बघता. काही लोकांना हे ऐकूनच वाटतं की मग एवढ्या लांब जाऊन मिळालं काय, पण माझं प्रामाणिक मत आहे की हत्ती खरा बघायचा असेल तर असाच बघायला हवा. तो अंगावर माती उडवून घेतो कारण ती त्याला उन्हापासून आणि माशांपासून वाचवते, कान हलवत राहतो कारण कानातल्या रक्तवाहिन्यांतून अंगातली बरीच उष्णता बाहेर जाते, चाऱ्याची पेंढी पायावर आपटून माती झटकतो आणि मगच तोंडात घालतो. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खाणारा प्राणी, त्याचा बहुतेक दिवस खाण्यातच जातो, आणि हे पंधरा मिनिटं गप्प उभं राहून बघितलं की मुलांचे प्रश्न आपोआप सुरू होतात.

हे केंद्र २०१० चं, आणि शेजारीच २०१८ मधे देशातलं पहिलं हत्तींचं हॉस्पिटल उघडलं, एक्स-रे, लेझर थेरपी, हत्तीला उचलून उभं करायचं यंत्र, सगळं आहे. इथले हत्ती सर्कशीतून, लग्नाच्या वरातींतून, रस्त्यावर भीक मागण्यातून सोडवून आणलेले. राजू नावाचा हत्ती २०१४ मधे आणला, तो जवळजवळ पन्नास वर्षं साखळदंडात होता असं सांगतात. पाय बघा त्यांचे. हत्ती एका अर्थी बोटांवर चालतो, टाचेखाली चरबीची गादी असते, आणि जंगलात रोज मैलोन्मैल मऊ जमिनीवर चालून नखं आणि तळवे नीट झिजतात. तोच हत्ती वर्षानुवर्षं डांबरी रस्त्यावर चालवला, सिमेंटवर बांधून ठेवला की नखं वेडीवाकडी वाढतात, तळव्यात गळू होतं, पू होतो. म्हणून तिथे रोज औषधाच्या पाण्यात पाय शेकणं, नखं तासणं चालतं, आणि हत्ती माराच्या भीतीनं नाही तर खाऊच्या बदल्यात स्वतः पाय पुढे करतो. हे हत्ती जंगलात सोडता येत नाहीत, कुणाला दिसत नाही, कुणी लंगडतो, सगळं आयुष्य माणसांत गेलेलं. तुमच्या फीचे पैसे या पायांवर खर्च होतात, मला हे महत्त्वाचं वाटतं.

जयपूरचं हत्तीगाव आमेरजवळ. आर्किटेक्ट राहुल मेहरोत्रांच्या ऑफिसनं डिझाइन केलेली ही वसाहत, वाळूच्या खाणीनं उजाड झालेल्या जमिनीवर आधी पाणी साठवायची तळी केली आणि मग महावतांची घरं आणि हत्तींचे ठाण, कल्पना खरंच चांगली. महावतांच्या पिढ्या यात गेल्यात, त्यांना मी वाईट म्हणणार नाही. मुलांना हात लावायला मिळतं, ऊस भरवायला मिळतो, अंगावर रंग काढायला मिळतात, आनंद होतो हे कबूल. पण हत्तीच्या बाजूनं बघा ना. कातडी जाड दिसते पण माशी बसलेलीसुद्धा त्याला कळते, तिच्यावर रंग, मग घासून अंघोळ, मग दुसऱ्या ग्रुपचा परत रंग. आणि आमेरला सकाळी दगडी चढावर हौदा आणि माणसं घेऊन फेऱ्या. हत्तीच्या कण्याचे मणके वरच्या बाजूला टोकदार असतात, पाठ ओझ्यासाठी बनलेलीच नाही. २०१८ मधे अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या तपासणीत तिथल्या काही हत्तींना टीबी आणि काहींना नीट दिसत नाही असं आढळलं होतं, तेव्हा लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जाताना याचाही विचार करा. आमेरचा किल्ला बघायचाच असेल तर जीप वरपर्यंत जाते, गुडघे दुखणाऱ्यांची सोय होते.

म्हणजे निवड अशी. मुलाला हत्तीवर बसायचंच आहे, बाकी काही नको, तर मथुरेला नेऊ नका, तो रडेल आणि तुमचाही दिवस जाईल; आधी घरी समजावून सांगा की हे हत्ती आजारी आहेत, आपण त्यांना भेटायला चाललोय. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे कळतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतं. अगदी लहान असेल तर दोन तासांत कंटाळेल, अजून दोन वर्षं थांबा. जंगली कळपच बघायचा असेल तर बांधवगडला २०१८ पासून छत्तीसगडकडून आलेले हत्ती राहतायत, पण दिसतीलच याची खात्री नाही आणि खर्च वेगळाच.

इतर कुठेही कुणी आपल्या जागेला अभयारण्य म्हणत असेल तर फोनवर विचारा, वर बसवता का, पर्यटक अंघोळ घालतात का, महावताच्या हातात अंकुश असतो का. एकाचंही उत्तर हो आलं तर मी जाणार नाही.

मथुरेला जाणार असाल तर त्याच रस्त्यावर कीठमला याच संस्थेचं अस्वलांचं केंद्र आहे, रस्त्यावर नाचवली जाणारी अस्वलं सोडवून तिथे ठेवलीत, शेजारी सूर सरोवर, थंडीत पाहुणे पक्षी येतात. दोन्हींचं बुकिंग वेगवेगळं विचारून घ्या. डब्यात पोळी-भाजी घ्या, गजक घ्या, पण ते हत्तीला द्यायचं नाही, त्यांचं पथ्य असतं. आणि येताना ताज दाखवायचा बेत असेल तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी ताज बंद असतो.