पुरात बुडालेली ऑक्टाव्हिया आरएस मला २०,७५,००० रुपयांना विकली

आधी आकडे सांगतो, कारण फसलेला माणूस आकडा लपवतो आणि त्यावरच जुन्या गाड्यांची ही डीलर मंडळी जगतात. गाडीचे २०,७५,०००. त्यातले १९,२५,००० आरटीजीएसने, १,५०,००० रोख, 'ट्रान्सफर, एजंट आणि किरकोळ' या नावाखाली. वर्कशॉपचं आत्ताचं एस्टिमेट ६,८४,३०० आणि त्यात 'उघडल्यावर वाढू शकतं' असं लिहिलेलं आहे. रोख दिलेल्या पैशांची पावती नाही. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१८ चं रजिस्ट्रेशन, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूरचं पासिंग, मीटरवर ४१,३०० किलोमीटर. शौकिनांना या गाडीबद्दल वेगळं सांगायला नको. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, आणि सहा गिअरचा वेट क्लच डीएसजी, म्हणजे तेलात चालणाऱ्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्यामुळे पोलो जीटी टीएसआयच्या ड्राय (बिनतेलाच्या) क्लचची धास्ती नाही. २०१७ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम साडेचोवीस लाखांच्या आसपास होती आणि मोजक्याच गाड्या विकल्या गेल्या. म्हणून पाच-सहा वर्षांनीही चांगली आरएस वीसच्या खाली उतरत नव्हती. अबार्थ पुंटो मी पाहिली होती, पण फियाट भारतातून गेल्यानंतर पार्टसाठी दारोदार फिरणारे लोकही पाहिले होते. पोलो जीटीआय तीन दारांची, घरात म्हातारे आई-वडील. आरएसमध्ये सगळं जुळत होतं: पाच माणसं, मोठी डिकी, जोर, आणि विकायला काढली तर पैसे परत. हा विचार चुकीचा नव्हता आणि आजही मी तो चुकीचा मानत नाही.

पण एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून इथे लिहितोय. साधी सेडान पुरात बुडाली तर ती बऱ्याचदा भंगारात जाते, कारण वाळवून, धुऊन, वायरिंग जोडून विकण्यात कोणाला फारसं उरत नाही. आरएस बुडाली तर उरतं. विमा कंपनीच्या लिलावात मातीमोल भावाने उचलायची, तीन-चार लाख खर्च करायचे आणि वीस लाखांना विकायची. जी गाडी किंमत टिकवते, तीच बुडाल्यावर पुन्हा उभी करायला परवडते. त्यात गिऱ्हाईकही आमच्यासारखं, महिनोन्‌महिने शोधून थकलेलं, आणि 'सर, उद्या हैदराबादची पार्टी येतेय' हे ऐकून टोकन देणारं. मी ५१,००० टोकन गाडी पाहिली त्याच संध्याकाळी दिलं.

आता तो क्षण. दिवाळीनंतरची, नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट. हायवेलगतच्या त्या डीलरकडे मी ड्रायव्हर सीटच्या बाजूला वाकून सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. पार खालच्या टोकाला शिवलेलं एक छोटं पांढरं लेबल असतं, त्यावर बेल्ट बनल्याचं साल असतं. तिथे २०२१ होतं. गाडी २०१८ ची. मी विचारलं. गाडी दाखवणारा पोरगा क्षणभरही अडखळला नाही. 'दादा, बेल्ट जाम होत होता, वॉरंटीत बदलून दिला.' मी पलीकडचा बेल्ट ओढला नाही. तो ओढला असता तर तिथेही २०२१ च होतं, हे मला नंतर कळलं. दोन्ही पुढचे बेल्ट एकाच साली जाम होत नाहीत! गाळात भिजलेला बेल्ट कितीही धुतला तरी डाग आणि वास सोडत नाही, म्हणून ते बदलतात. सगळे बेल्ट ओढा. मागचेसुद्धा.

मला कोणी अडाणी म्हणू नये. मी मीटर तपासला, आणि मीटर खरा होता. सर्व्हिस रेकॉर्ड काढला, किलोमीटर तंतोतंत जुळत होते. फक्त जून २०२१ नंतर नोंद नव्हती. 'वॉरंटी संपली, मालक बाहेर करायचे.' पॉलिसी पाहिली, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, शून्य. 'मालक परदेशात होते सर, पॉलिसी ९० दिवसांच्या वर तुटली.' आणि ९० दिवसांचा नियम खरा आहे, त्यामुळे बोनस खरंच जातो. प्रत्येक प्रश्नाला एक खरं वाटेल असं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावला, एकही एरर नाही. पुसल्यावर कसा असणार? त्याच स्कॅनरवर 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' असा एक आकडा दिसतो. तो बघा. दोन आकडी किलोमीटर दिसले तर गाडीतून उतरा.

पहिल्या पावसाळ्यात, जून २०२४ मध्ये, डॅशवर दिवे नाचायला लागले, मग एके रात्री गाडी गिअरच घेईना. वर्कशॉपमध्ये सीट काढून कार्पेट उचललं. वरून कार्पेट नवंकोरं, आणि खालच्या फोमला वाळलेल्या गाळाचा बोटभर जाड थर. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजून लाल. कनेक्टर उघडले तर पिना हिरव्या पडलेल्या.

जुन्या मालकांचा नंबर सर्व्हिसच्या कागदावरून शोधला. कोल्हापूरचे सज्जन गृहस्थ. म्हणाले, 'अहो, ती गाडी २०२१ च्या पुरात गेली की! स्टिअरिंगपर्यंत पाणी होतं. विमावाल्यांनी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची धरली, पैसे दिले, आणि ट्रान्सफरच्या २९-३० च्या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन गेले.' ते कधी परदेशात गेलेलेच नाहीत. आरसी शेवटपर्यंत त्यांच्याच नावावर राहिली, म्हणून कागदोपत्री गाडी 'सिंगल ओनर'! डीलरच्या तोंडून आलेली ही एकच गोष्ट खरी निघाली आणि सगळ्यात जास्त फसवलं तिनेच. खरेदीआधी आरसीवरच्या मालकाशी स्वतः बोला. डीलर जो नंबर देईल त्या नंबरवर नाही.

मग सुरू झाले सरकारी उंबरठे. पोलीस म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. मी म्हटलं, बुडालेली गाडी लपवून विकणं ही सरळ चारशेवीस आहे. तर व्यवहार २०२३ चा, तक्रार जुलै २०२४ नंतरची, मग जुना कायदा की नवी न्याय संहिता यावर मला बाकावर बसवून चर्चा! शेवटी तक्रारीच्या प्रतीवर शिक्का मारून दिला, गुन्हा नाही. आरटीओत गेलो. गाडी नष्ट झाली तर १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करायची असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. साहेब म्हणाले, आमच्याकडे कोणी कळवलं नाही, चेसिस नंबर जुळला, आम्ही ट्रान्सफर केली. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्रमाणपत्र लागतं, गाडी डीलरकडे देताना मालकाने फॉर्म २९सी भरायचा असतो. या डीलरकडे प्रमाणपत्र आहे का, एवढंच विचारलं. 'माहिती अधिकारात अर्ज टाका.' टाकला. ३० दिवस उलटले, उत्तर नाही. विमा कंपनीने तर फोनवरच सांगितलं, तुम्ही आमचे पॉलिसीधारक नाही, क्लेमची माहिती गोपनीय आहे. टोटल लॉस झालेली गाडी लिलावात विकताना गोपनीयता नसते, विकत घेणाऱ्याने विचारलं की असते! ज्या एका नोंदीने मी वाचलो असतो ती त्यांच्या संगणकात पडून आहे आणि 'वाहन' या सरकारी पोर्टलवर तिचा मागमूस नाही. याची चीड मला डीलरपेक्षा जास्त येते.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. २० ते ५० लाखांच्या व्यवहाराला शुल्क १,००० रुपये, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं लिहिलंय. माझ्या तारखाच त्याहून लांब पडताहेत. डीलरचा बचाव एकच: डिलिव्हरी नोटवर 'जशी आहे तशी स्वीकारली' या ओळीखाली माझी सही. ती ओळ छापलेली असेल तर खोडून त्यावर 'गाडी पुरात बुडालेली किंवा टोटल लॉस झालेली नाही' असं त्याच्या हाताने लिहून, सही-शिक्का घ्या. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. कोल्हापूरच्या गृहस्थांनी प्रतिज्ञापत्र द्यायचं कबूल केलंय, माझी सगळी भिस्त त्यावर आहे.

डीलरचं दुकान चालू आहे. गेल्या आठवड्यात त्याच्याकडे एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी पासिंगची लाल पोलो जीटी टीएसआय उभी होती, 'सिंगल ओनर, स्टॉक कंडिशन'. २०२१ च्या जुलैत त्याच जिल्ह्यातलं चिपळूणही पाण्याखाली होतं. ती बघायला कोणी जाणार असेल तर आधी ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलायला सांगा, आणि त्याने उचलू दिलं नाही तर टोकन देऊ नका.