स्कूल काउन्सेलिंगचं मास्टर्स: ख्रिस्ती युनिव्हर्सिटी की घराजवळची स्टेट?

ऍडमिशनचे दिवस आले की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, की दादा, स्कूल काउन्सेलर व्हायचंय, मग ख्रिस्ती युनिव्हर्सिटीतून करू का स्टेटमधून (म्हणजे राज्य सरकारच्या युनिव्हर्सिटीतून)? मी दोन्हीकडे बसलोय, आधी एका ख्रिस्ती युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन प्रोग्रामला आणि मग ट्रान्सफर घेऊन घराजवळच्या स्टेटला, इथे पेनसिल्व्हेनियात. फी न् डेडलाइन वेबसाइटवर असतात, त्यात मी पडत नाही. केक्रेपची (काउन्सेलिंगच्या प्रोग्रामना मान्यता देणारी इथली संस्था) मान्यता असली की दोन्हीकडे 60 क्रेडिट्स, 100 तास प्रॅक्टिकम (इंटर्नशिपच्या आधीचा सराव), 600 तास इंटर्नशिप, म्हणजे कागदावर सगळं सारखंच.

आधी ख्रिस्ती बाजूचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. आमच्या एक मॅडम होत्या, सगळी नोकरी पब्लिक स्कूलमध्ये झालेली. त्यांनी एकदा अख्खा तास एकाच प्रश्नावर घालवला: सातवीतलं पोरगं समोर बसलंय, आजी हॉस्पिटलमध्ये आहे, आणि ते विचारतं, सर तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना कराल का? आपल्याकडे मिशन शाळेत शिकलेल्या माणसाला यात अडचणच कळत नाही, आपला दिवसच उपासनेने सुरू व्हायचा. इथे सुप्रीम कोर्टाच्या 1962 च्या एंगल विरुद्ध व्हिटाले निकालापासून सरकारी शाळेत शाळेने घडवलेली प्रार्थना चालत नाही आणि तुम्ही त्या खोलीत शाळेचे माणूस असता. मग मॅडमनी आम्हाला एकेक वाक्य बोलायला लावलं, प्रार्थना केल्यावर तुला कसं वाटतं, घरी अजून कोण करतं, आजीबद्दल काय मागतोस, म्हणजे मुलाची श्रद्धा बाजूला सारायची नाही आणि आपली त्याच्यावर लादायची पण नाही. स्टेटमध्ये हाच प्रश्न मी विचारला तर उत्तर मिळालं की त्याला घरच्यांशी बोलायला सांगा, आणि पुढची स्लाइड. इथे ख्रिस्ती प्रोग्राम सरळ सरस आहे, वादच नाही.

पण त्याच प्रोग्राममध्ये दर आठवड्याच्या डिस्कशन पोस्टमध्ये बायबलचं वचन घालायची सक्ती होती. स्टॅटिस्टिक्सला सुद्धा. मग लोक स्टँडर्ड डेव्हिएशनच्या खाली फिलिप्पै 4:13 चिकटवून मोकळे. असो, तेवढ्याने मी सोडलं नसतं.

सोडलं ते इंटर्नशिपच्या साइटमुळे. ऍडमिशनच्या वेळी कुणी ठळक सांगत नाही, पण दूरची युनिव्हर्सिटी असली की शाळा बहुतेक तुम्हीच शोधायची असते. मी डिस्ट्रिक्टना (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांना) मेल टाकत बसलो, दोन वर्षांचा अनुभव असलेला काउन्सेलर सुपरव्हायजर म्हणून हवा, तशी एक मिळालीही, बिचारी आनंदाने हो म्हणाली. पण युनिव्हर्सिटी आणि डिस्ट्रिक्टमध्ये करार हवा. युनिव्हर्सिटीच्या कराराच्या नमुन्यातलं जबाबदारीचं एक कलम डिस्ट्रिक्टच्या वकिलाला पटेना, ते बदलायला युनिव्हर्सिटीचा वकील तयार होईना, आणि दोघांचं जमलं तेव्हा स्कूल बोर्डाची त्या महिन्याची मीटिंग होऊन गेलेली. पुढची मीटिंग होईपर्यंत शाळा सुरू. माझा पोलिसांचा दाखला, चाइल्ड अब्यूझ क्लिअरन्स, एफबीआयचे फिंगरप्रिंट सगळं तयार होऊन फाइलीत पडलेलं, सुपरव्हायजर वाट बघतेय, मुलं वर्गात, आणि मी घरी. अख्खी टर्म गेली हो त्यात. युनिव्हर्सिटीकडून मेल यायचे ते धीर धरा, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय असे. प्रार्थनेबद्दल तक्रार नाही, पण त्यांच्या ऑफिसातून कुणी डिस्ट्रिक्टला फोन पण केला असता तर बरं झालं असतं.

स्टेटमध्ये कोऑर्डिनेटर बाईंकडे आसपासच्या शाळांची यादीच होती, करार आधीच सह्या होऊन पडलेले. त्यांनी विचारलं एलिमेंटरी हवी की हायस्कूल, बस.

लोकांची खरी भीती वेगळीच असते, की स्टेटवाले श्रद्धेवरून त्रास देतील. मग ज्युलिया वॉर्डचं नाव निघतं. ईस्टर्न मिशिगन या स्टेट युनिव्हर्सिटीत स्कूल काउन्सेलिंगच शिकत होत्या, श्रद्धेमुळे समलिंगी क्लायंटला दुसऱ्याकडे पाठवा म्हणाल्या आणि 2009 मध्ये काढून टाकलं, 2012 मध्ये अपील कोर्टात निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढे तडजोड झाली. जॉर्जियात अशाच वादात जेनिफर कीटन यांच्याबाबतीत अपील कोर्टाने 2011 मध्ये उलट कौल दिला. पण एक लक्षात घ्या, एसीएची (काउन्सेलर्सची इथली संघटना) 2014 ची आचारसंहिता फक्त आपल्या मूल्यांशी जमत नाही म्हणून क्लायंट दुसऱ्याकडे पाठवू देत नाही, आणि केक्रेपवाल्या ख्रिस्ती प्रोग्राममध्ये पण एथिक्सला हीच संहिता शिकवतात. त्यामुळे तो प्रश्न टाळायला म्हणून ख्रिस्ती युनिव्हर्सिटी घेत असाल तर तो तिथेही समोर येणारच. मला स्टेटमध्ये कुणी काही बोललं नाही, हे माझ्यापुरतं, सगळीकडे तसंच असेल असं नाही.

ख्रिस्ती शाळेतच नोकरी करायची असेल, किंवा पुढे चर्चच्या कामाकडे वळायचं मनात असेल तर मी ख्रिस्ती युनिव्हर्सिटीच घ्या म्हणेन. व्हर्जिनियात रीजंट आहे, आमच्याकडे मेसाया आहे, दोन्हींच्या स्कूल काउन्सेलिंगला केक्रेप आहे (मी होतो ती यातली नाही). सरकारी शाळेत जायचं असेल तर मात्र मला वाटतं जवळची स्टेट बरी, आणि त्या प्रार्थनेच्या प्रश्नासारख्या गोष्टींसाठी चर्चमधल्या एखाद्या जुन्या काउन्सेलरला गाठा, मी अजूनही त्या मॅडमनाच फोन करतो. एफ-1 वर (स्टुडंट व्हिसावर) येणाऱ्यांना पूर्ण ऑनलाइनचा पर्याय तसाही नाही, टर्मला एकच ऑनलाइन कोर्स फुल टाइममध्ये धरतात.

तरी ऑनलाइन ख्रिस्ती प्रोग्रामच घ्यायचा असेल तर डिपॉझिट भरायच्या आधी एवढंच विचारा, की माझ्या काउंटीतल्या कुठल्या डिस्ट्रिक्टशी तुमचा करार आज चालू आहे, नावं द्या. आणि उत्तर लेखी घ्या.