चोरून वाचायचं की सांगून लक्ष ठेवायचं?

लातूरला क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या लेकराच्या हाती मोबाईल द्यावाच लागतो. मग बरेच पालक सोपा मार्ग धरतात: त्याचं व्हॉट्सअ‍ॅप 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून आपल्या फोनला जोडायचं आणि गुपचूप वाचायचं. मेसेज दिसतात, हे खरं. पण जोडलेला फोन त्या यादीत लेकरालाही दिसतो. एकदा कळलं की ते दुसरं खातं काढतं, आणि त्रास देणारा माणूस त्याला तिथं गाठतो.

इन्स्टाग्रामच्या किशोर खात्यावर (अठरा वर्षांखालच्या मुलांचं 'टीन अकाउंट') लेकराला सांगून देखरेख सुरू केली, तर मागच्या 7 दिवसांत पोरगी कुणाकुणाशी बोलली ते आई-बापाला दिसतं. मेसेज वाचता येत नाहीत. मला एवढंच पुरेसं वाटतं. अनोळखी नाव दिसलं की "बाळा, हे कोण गं?" असं उघड विचारता येतं. उद्या कुणी फोटोवरून धमकावलं, तर घरी मार बसेल या भीतीनं ती गप्प बसण्याची शक्यता कमी. बापाला मात्र राग गिळावा लागतो.

धमकी आलीच असेल, तर पोरीला शेजारी बसवून चॅट उघडा, स्क्रीनशॉट घ्या, काहीही डिलीट करू नका. 1098 या बालकांच्या हेल्पलाईनला फोन लावा, सायबर पोलिसांत तक्रार द्या.