पोळ्या लाटताना, लोकलमध्ये आणि चालताना: कुठला पॉडकास्ट कधी लावायचा

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला, म्हणाली, ताई तू दिवसभर कानात काहीतरी घालून असतेस, मला एकच सांग, कुठला पॉडकास्ट लावू? तिचं सगळं धावपळीचं, सकाळी दोन डबे, मग डोंबिवलीहून ठाण्याला बँकेत, संध्याकाळी परत स्वयंपाक, आणि आता डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. मी तिला पटकन एक नाव सांगू शकले नाही. कारण जो पॉडकास्ट मला लोकलमध्ये अगदी जीव की प्राण वाटतो तोच पोळ्या करताना लावला की दहाव्या मिनिटाला बंद करावासा वाटतो, त्यात त्या पॉडकास्टचा काही दोष नसतो, वेळ चुकीची असते. म्हणून नीट लिहून काढतेय, तिच्यासाठी आणि ज्यांना ज्यांना हे ठरवायचंय त्या सगळ्यांसाठी.

माझी कसोटी आहे मिक्सरची. मिक्सर लावला की दीड-दोन मिनिटं कानात काही म्हणता काही येत नाही. तो बंद झाल्यावर धागा आपोआप हातात आला तर तो पॉडकास्ट स्वयंपाकघराचा. आणि कणकेच्या हाताने फोन उचलून मागे न्यावा लागला तर तो स्वयंपाकघराचा नाही, मग तो कितीही भारी असू दे.

या कसोटीला माझ्याकडे सगळ्यात जास्त उतरलेला म्हणजे अमुक तमुक. ओंकार जाधव आणि शार्दूल कदम हे दोघं, समोर त्या विषयातला जाणकार, कधी डॉक्टर कधी मानसोपचारतज्ज्ञ कधी पैशांचं नियोजन सांगणारं कोणी, आणि एकच विषय धरून तासभर किंवा त्याहून जास्त गप्पा. झोप, खाणं, मुलं वाढवणं, नवरा-बायकोचं नातं, म्हाताऱ्या आईबाबांचं करणं, म्हणजे जे आपण घरात रोज जगतोय तेच. आता हा मिक्सरला का टिकतो, तर पाहुणा जरा अवघड बोलायला लागला की दोघांपैकी एकजण त्याला थांबवतो आणि तीच गोष्ट घरगुती शब्दात परत सांगायला लावतो. त्यामुळे दोन मिनिटं बुडाली तरी मुद्दा फिरून परत येतो. शिवाय सगळं आपल्या रोजच्या बोलण्यातलं मराठी, त्यात इंग्रजी शब्द येतात तसे आपल्याही बोलण्यात येतातच की.

याच्या शेजारी ठेवायचा तर मित्रम्हणे. सौमित्र पोटे घेतात मुलाखती, नाटक, सिनेमा, मालिका, संगीत या क्षेत्रातल्या माणसांच्या, निवांत आणि लांबलचक. मला दोन्हीत माणूस म्हणून जास्त जवळचा हाच वाटतो खरं सांगायचं तर, कारण इथे सल्ला नसतो, एक माणूस आपलं आयुष्य उलगडत बसलेला असतो. पण इथे गोष्टी असतात, म्हणजे पहिलं नाटक कसं मिळालं, दौऱ्यावर काय झालं, कोणी कुठल्या वेळेला हात दिला, आणि अशा गोष्टीचा मधला तुकडा मिक्सरने खाल्ला की शेवट ऐकून काही उपयोग नसतो. म्हणून मी हा इस्त्रीला ठेवते. कपड्यांच्या घड्या, इस्त्री, भाजी निवडणं, शेंगा सोलणं, लसूण सोलणं, जिथे हात आपोआप चालतात आणि आवाज होत नाही तिथे मित्रम्हणे. भांडी घासताना मात्र नको, नळाचा आवाज आणि स्टीलचा खणखणाट यात हळू बोलणारा पाहुणा पूर्ण बुडतो.

तेव्हा सकाळच्या घाईला अमुक तमुक आणि संध्याकाळच्या शांत कामाला मित्रम्हणे, या दोघांत मला तरी काही शंका नाहीये. अमुक तमुकवाल्यांचाच खुसपुस आहे, ज्या विषयांवर आपल्या घरात आवाज खाली जातो ते विषय, शरीराचे, मनाचे, लैंगिक आरोग्याचे, आणि मी म्हणेन की तो आवर्जून ऐका पण इअरफोन लावून एकटीने ऐका, कारण त्यातलं काही काही ऐकताना आपल्यालाच थांबून विचार करावासा वाटतो आणि तेव्हा मागून कोणी मीठ कुठे ठेवलंय विचारायला नको.

एक अडचण दोन्हीला आहे. बहुतेक मराठी पॉडकास्ट आता कॅमेऱ्यासमोरच होतात आणि लोक ते यूट्यूबवर बघतात, त्यामुळे फोन डब्याला टेकवून ठेवला जातो आणि नजर तिकडे जाते, हातात सुरी असताना हे बरं नाही. आणि यूट्यूबचं प्रीमियम घेतलं नसेल तर स्क्रीन बंद केली की आवाजही बंद. त्यामुळे जे स्पॉटिफायसारख्या ऑडिओ अ‍ॅपवर मिळतंय ते तिथेच ऐका, फोन खिशात किंवा फ्रिजवर पालथा.

आता प्रवास. इथे माझं आणि बहिणीचं उत्तर एकदम वेगळं आहे, आणि ते अंतरामुळे वेगळं आहे. मी डोंबिवली ते सीएसएमटी जाते, म्हणजे प्लॅटफॉर्मवरची वाट बघणं धरून सव्वा तास तरी कुठे गेला नाही. माझ्यासाठी खरी चुरस पुलियाबाजी आणि द सीन अँड द अनसीन यांच्यात असते.

पुलियाबाजी हिंदीत आहे, २०१८ पासून चालू, प्रणय कोटस्थाने आणि सौरभ चंद्र यांनी सुरू केलेला, पुढे ख्याती पाठकही आल्या. पुलिया म्हणजे गावातला छोटा पूल, त्याच्या कठड्यावर बसून गप्पा माराव्यात तसं, पण गप्पांचा विषय मात्र सरकार, अर्थव्यवस्था, परराष्ट्र धोरण, शहरं, तंत्रज्ञान असा. जड विषय हलक्या हिंदीत, आणि एक एपिसोड माझ्या एका फेरीत बसतो. उतरताना एक विषय पूर्ण डोक्यात घेऊन उतरते, ते समाधान फार मोठं आहे.

द सीन अँड द अनसीन हा अमित वर्मांचा, इंग्रजीत, २०१७ साली सुरू झाला तेव्हा वीसेक मिनिटांचा असायचा, एखाद्या सरकारी धोरणाचे दिसणारे आणि न दिसणारे परिणाम एवढाच विषय. पुढे तो वाढत वाढत गेला आणि आता एकेक एपिसोड चार-पाच तासांचासुद्धा असतो. ऐकून घाबरायला होतं पण पाहुण्याचं बालपण, गाव, आईवडील, वाचलेली पुस्तकं, मग हळूहळू त्याचं काम, असं ते जातं, आणि मी एक एपिसोड सोमवार ते शुक्रवार पुरवून ऐकते. रोज सकाळी त्याच माणसाला परत भेटल्यासारखं होतं, शुक्रवारी संपला की जरा सुनंसुनं वाटतं. ज्याचा रोजचा प्रवास तासाच्या वर आहे आणि ज्याला इंग्रजी ऐकायची सवय आहे त्याला मी हाच देईन. बाकीच्यांना पुलियाबाजी. दोन्हीत गर्दीचा त्रास होत नाही, चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर असलं तरी कान मोकळेच असतात ना.

पण बहिणीचं डोंबिवली-ठाणे फास्टने वीस-पंचवीस मिनिटांत होतं. तिला हे दोन्ही नकोत, रोज अर्धवट तोडून ऐकायचं म्हणजे आधी काय चाललेलं हे आठवण्यातच ठाणे येणार. तिच्यासाठी बीबीसी मराठीचा गोष्ट दुनियेची. अर्ध्या तासाच्या आत संपतो, जगातला एक प्रश्न घेतात, त्याच्यावर काम केलेल्या तज्ज्ञांचं म्हणणं एकामागून एक ठेवतात आणि शेवटी उत्तराकडे येतात. भाषा स्वच्छ मराठी. मिक्सरच्या कसोटीला मात्र हा पहिल्या फटक्यात नापास, कारण प्रत्येक वाक्य मागच्यावर उभं असतं. गाडीत बसून नाहीतर उभं राहून शांतपणे ऐकायचा आहे तो. राज्याचं राजकारण आणि अर्थकारण यात रस असेल तर विनायक पाचलग यांचा थिंक बँकही लोकलसाठी चांगला, निवडणुका जवळ आल्या की मी तिकडे वळते.

चालण्यासाठी माझ्याकडे दोन इंग्रजी आहेत. एक एम्पायर, विल्यम डालरिंपल आणि अनिता आनंद यांचा, २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेला, पहिली मालिकाच ईस्ट इंडिया कंपनी आणि ब्रिटिशांचा हिंदुस्थान, मग ऑटोमन साम्राज्य आणि असं पुढे पुढे. १७५७ ची प्लासी आपण शाळेत एका ओळीत पाठ केली होती, ती अशी तासभर ऐकताना अंगावर येते. दोघं एकमेकांना टोकतात, हसतात, त्यामुळे व्याख्यान वाटत नाही. पण नावं आणि सनावळ्या इतक्या दाट असतात की हा मी एकदा वरण-भात लावून ऐकत बसले आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेच कळलं नाही, तेव्हापासून हा फक्त पायांसाठी.

दुसरा ९९ टक्के इनव्हिजिबल, रोमन मार्स यांनी २०१० मध्ये सुरू केलेला, आपल्या आजूबाजूच्या वस्तू, इमारती, रस्ते, पाट्या अशा का आहेत याच्यावर. यातला एक एपिसोड फुटपाथच्या कडेला जो उतार असतो त्याच्यावर आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत व्हीलचेअर वापरणाऱ्या लोकांनी भांडून तो उतार करून घेतला, आणि झाल्यावर लक्षात आलं की बाबागाडीवाले, सामान ओढणारे, सायकलवाले, सगळेच तिथून जायला लागले. मी हे ऐकत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले तर एक आजोबा फुटपाथवरून उतरायला थांबले होते, काठी आधी खाली टेकवली, ती पायरी चांगली वीतभर उंच, मग एक पाय, मग शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर हात आणि दुसरा पाय. त्या पायरीवरून मी वर्षानुवर्षं रोज उतरतेय. त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

म्हणून चालायला नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ९९ टक्के इनव्हिजिबल देईन, एम्पायर नंतर. एपिसोड सुटसुटीत असतो, साधारण एका फेरीएवढा, आणि मागचं काही ऐकलेलं असायची गरज नाही. एम्पायर एकदा लागला की पहिल्यापासून क्रमाने ऐकावा लागतो. आणि दोन्ही ऐकताना एक कान मोकळा ठेवा, रिक्षा आणि बाईक मागून कशा येतात ते सांगायला नको.

डाउनलोडचं म्हणाल तर रविवारी रात्री घरच्या वायफायवर आठवड्याचं भरून घ्यायचं, लोकलमध्ये रेंजचा भरवसा नाही. अँड्रॉइड असेल तर अँटेनापॉड बघा, फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, वेग आणि झोपेचा टायमर दोन्ही आहे. तर बहिणीसाठी माझं वाटप असं: डब्यांच्या वेळी अमुक तमुक, गाडीत गोष्ट दुनियेची, चालताना ९९ टक्के इनव्हिजिबल, आणि रविवारी इस्त्रीला मित्रम्हणे.

रात्रीचं लिहायचं राहिलं. मी स्वतः रात्री काही ऐकत नाही, पण बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा काही दिवस पेपर बंद, टीव्ही बंद, आणि ज्या माणसाचा दिवस पेपरने सुरू होतो त्याला नुसतं पडून राहणं फार जड जात होतं. आकाशवाणी होतीच, न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर, पण रात्री मी त्यांना मित्रम्हणेमधली एका नटाची मुलाखत लावून दिली. वेग थोडा कमी केला, शून्य पूर्णांक नऊ, कारण भराभर बोललेलं त्यांना आता पकडता येत नाही, आणि हे घरातल्या मोठ्यांसाठी नक्की करून बघा, एवढ्याशा फरकाने शब्द न् शब्द सुटा ऐकू येतो. नाटकाच्या दौऱ्यांचं चाललेलं, बाबा डोळ्याला हिरवी पट्टी लावून उताणे पडलेले, आणि मध्येच आईला म्हणाले, अगं आपण सावित्रीबाई फुले नाट्यगृहात नाटकाला जायचो आठवतं, तिसऱ्या रांगेत. आई म्हणाली तिसऱ्या नाही, बाल्कनीत, तिसरी परवडायची कुठे. मग मी मुलाखत थांबवली आणि दोघं बराच वेळ बोलत बसले.

आता पट्टी गेली, पेपर परत सुरू झाला. पण साडेनऊ वाजले की आतून हाक येते, टायमर लाव गं अर्ध्या तासाचा.