पिग्मीवाले काका आणि माझा गल्ला: अडीच वर्षांचा अनुभव

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात माझं डीटीपीचं (संगणकावर मजकूर जुळवून देण्याचं) आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. वय ४३. चाळिसाव्या वर्षी मिरजेतल्या डॉक्टरांनी एडीएचडीचं निदान केलं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि कामं वेळेवर उरकणं मेंदूला जड जातं. हा अभिप्राय आमच्या भागातल्या एका पतसंस्थेच्या पिग्मी खात्याबद्दल आहे, म्हणजे रोज थोडी थोडी रक्कम भरायच्या बचत खात्याबद्दल. पुढे एक तक्रारही येणार आहे म्हणून संस्थेचं नाव देत नाही. शिवाय मला बोलायचं आहे ते दारात येऊन पैसे नेण्याच्या पद्धतीबद्दल. ज्यांना माझ्यासारखा त्रास आहे आणि ज्यांची कमाई रोजची आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

पैशाचं गणित मला येतं. हजार पत्रिकांना कागद किती, छपाई किती, कटिंगचे किती, हे तोंडपाठ आहे. अडतं ते भरण्याच्या दिवशी. पंधरा तारखेचं बिल मला चौदाच्या रात्रीपर्यंत खरंच वाटत नाही. पैसे खात्यात असतात, बिल मोबाइलवर आलेलं असतं, आणि तरी ते भरलं जात नाही, कारण समोर गिऱ्हाईक बसलेलं असतं आणि त्याच्या पत्रिकेतलं आजोबांचं नाव चुकलेलं असतं. निदान झालं त्या वर्षी मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने एक रविवार बसून हिशेब काढला. जीएसटीच्या ३बी रिटर्नची (विक्री आणि कराच्या विवरणाची) लेट फी दिवसाला ५० रुपये, क्रेडिट कार्डावर फक्त किमान रक्कम भरत गेल्याने चढलेलं व्याज, हप्ता परत गेला की बँकेचे ५०० आणि वर कर. वर्षभराचे २३ हजार निघाले. त्यातला एक रुपयाही वस्तू घेण्यात गेला नव्हता.

त्याआधी मी बरंच काही करून पाहिलं होतं. खर्च लिहायचं ॲप घेतलं, ते रोज रात्री नऊला आठवण करायचं आणि आठव्या दिवसापासून मी ती सूचना न वाचताच बाजूला सारायला लागले. पाकिटं केली, लाइट बिलाचं, भाड्याचं, कागदवाल्याचं. ती कपाटात गेली आणि दृष्टीआड सृष्टी झाली. बँकेत आवर्ती ठेव उघडून दर महिन्याच्या पाच तारखेला आपोआप रक्कम कापायला सांगितलं. सगळे जण हाच सल्ला देतात, की स्वतःवर अवलंबून राहूच नका, सगळं ऑटोवर टाका. पगारदार माणसासाठी तो उत्तम आहे. पण ऑटो डेबिटला त्या तारखेला खात्यात शिल्लक लागते. माझे पैसे वैशाखात येतात आणि आषाढात येत नाहीत, आणि आले की कुठल्या तरी गरजेच्या वाटणाऱ्या गोष्टीत त्याच आठवड्यात जातात. तीन हप्ते परत गेले तेव्हा मी ती ठेव मोडली.

पिग्मी माझ्या आईने सुचवली. बाबांच्या किराणा दुकानात ती होतीच. पद्धत जुनी आहे. १९२८ साली सिंडिकेट बँकेने उडुपीकडे ती सुरू केली, तेव्हा रोज दोन आणे न्यायला माणूस दारात यायचा. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द आमच्या बाजारपेठेत घट्ट बसला आहे.

आमच्याकडे येतात ते काका साठीच्या आसपासचे. संध्याकाळी ७:४० ला त्यांची स्कूटर दाराशी लागते. हेल्मेट काढत नाहीत, फक्त काच वर करतात. गळ्यात कातडी पिशवी, हातात ते छोटं यंत्र. "ताई, आज किती?" एवढंच विचारतात. मी गल्ला उघडते, नोटा मोजते, ते बटणं दाबतात, यंत्रातून बोटभर पावती निघते आणि मोबाइलवर मेसेज वाजतो. सगळं मिळून दीड मिनिट. गल्ल्यात रोकड नसेल, कारण हल्ली निम्मी गिऱ्हाइकं यूपीआयने देतात, तर काका उभे असतानाच मी त्यांच्या यंत्रावरच्या क्यूआरवर पाठवते. उभे असतानाच, हे महत्त्वाचं. "नंतर पाठवते" म्हटलं तर ते गेलं.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. त्या दिवशी एकही ऑर्डर नव्हती, प्लॉटर बिघडला होता, आणि मी म्हटलं, "काका, आज राहू द्या." ते हलले नाहीत. म्हणाले, "दहा तरी द्या ताई. रक्कम कितीही असू दे, खंड नको." मी दहाची नोट दिली. त्यांनी दहाची पावती काढली, तशीच नीट दुमडून हातात दिली, हजाराची देतात तशी. माझ्या आजवरच्या सगळ्या योजना अशाच पहिल्या खंडाला मोडल्या होत्या. एक दिवस चुकला की मला वाटायचं आता गेलंच, आणि वही बंद व्हायची. दहा रुपयांनी ती साखळी शाबूत ठेवली. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बाहेरून येणारा आधार असाच असावा, ठरल्या वेळी, ठरल्या जागी आणि माणसाच्या रूपात. मेंदूतल्या घड्याळाचं काम काकांची स्कूटर करते.

पहिलं खातं अकरा महिने चाललं. सगळ्यात कमी १०, सगळ्यात जास्त १,५००, एकूण ५८,३५० रुपये. दिवाळीत कागद स्वस्तात उचलावा लागतो, कारण तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची रांग लागते. आधी दर वर्षी मी त्यासाठी कार्ड घासायचे. त्या वर्षी कागदवाल्याला रोख दिले. त्यांनी पैसे मोजून घेतले आणि पहिल्यांदाच उधारीची वही काढली नाही. मी दुकानात येऊन दहा मिनिटं नुसती बसून होते.

आता व्याज. या खात्यावर साडेतीन टक्के मिळतात, आणि सहा महिन्यांच्या आत मोडलं तर उलट तीन टक्के कापतात. पैसा वाढवण्यासाठी पिग्मी लावू नका. माझ्यासाठी ती कापणी उपकारक ठरली, कारण मधेच काढायला संस्थेत जावं लागतं, अर्ज लिहावा लागतो, आणि तेवढ्या वेळात मनातली खरेदीची लाट ओसरते.

सुरक्षिततेबद्दल मात्र काळजीने वाचा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या सुद्धा, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. महाराष्ट्रात ज्यांच्या ठेवी पतसंस्थांत अडकल्या ती घरं सगळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून खातं उघडण्याआधी बहिणीने संस्थेचा वार्षिक अहवाल मागून घेतला, ऑडिटमध्ये मिळालेला वर्ग (दर्जा) पाहिला, कर्जांची थकबाकी पाहिली. मी साठ हजारांच्या वर तिथे ठेवत नाही. मुदत संपली की त्याच आठवड्यात रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत जाते, आणि बहीण माझ्याबरोबर येते, कारण ते काम "उद्या"वर पडलं तर दोन महिने जातात हे आम्हा दोघींना माहीत आहे.

आणि तक्रार. २०२४ च्या पावसाळ्यात काका बारा दिवस आजारी होते. बदली मुलगा आला. त्याच्या यंत्राला रेंज मिळायची नाही, मग तो वहीत आकडा लिहून न्यायचा. तीन दिवसांचे १,१०० रुपये माझ्या खात्यात आलेच नाहीत. मेसेज न आल्याचं मला कळलं नाही, कारण न वाजलेल्या गोष्टीकडे माझं लक्ष जात नाही. सहा आठवड्यांनी बहिणीला दिसलं. संस्थेत गेले तर "पावत्या आणा" म्हणाले. त्या तीन दिवसांच्या पावत्या नव्हत्याच, आणि बाकीच्या दाखवायला काढल्या तर थर्मल कागदाच्या असल्याने कोऱ्या पडलेल्या. दोन चकरा झाल्या. शेवटी काकांनीच त्या मुलाची वही शोधून काढली, आकडे जुळवले आणि पैसे जमा करून घेतले. ज्या माणसाला हिशेब तपासणं जड जातं त्याच्याकडूनच पुरावा मागायचा, हे बरोबर नाही. यंत्र बंद असेल त्या दिवशी छापील पावतीपुस्तक हवंच. तेव्हापासून रविवारी सकाळी दहाला बहीण फोन लावते, मी पासबुकाचा आकडा वाचते, ती मेसेजशी ताडून पाहते. पाच मिनिटं लागतात. पिग्मी लावणाऱ्या प्रत्येकाने असं कुणीतरी धरावं, एकट्याने तपासायचं ठरवू नये.

नोकरदारांना दुकान नसतं, त्यांनी पोस्टाच्या आवर्ती ठेवीचा विचार करावा. महिना १०० रुपयांपासून, पाच वर्षांसाठी, आणि सरकारी हमी. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट बाया अनेक ठिकाणी घरी येऊन रक्कम नेतात. माझ्या वहिनींकडे येतात त्या पाच तारखेला येतात आणि पैसे घेतल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. फक्त लागोपाठ चार हप्त्यांच्या वर चुकले तर खातं बंद पडतं, हे लक्षात ठेवावं.

बाकीचं मी थोडक्यात लावलं आहे. लाइट बिल आणि फोन यूपीआय ऑटोपेवर, कारण त्या रकमा लहान आहेत आणि वजावटीच्या आदल्या दिवशी सूचना येते. चहा, रिक्षा, झेरॉक्सचा खर्च यूपीआय लाइटवर (लहान रकमांचं मोबाइलमधलं पाकीट), त्यात आठवड्याला ठरावीक रक्कमच टाकते. संपली की संपली. क्रेडिट कार्ड बहिणीच्या कपाटात आहे.

गेल्या महिन्यात संस्थेने कळवलं की आता "घरबसल्या पिग्मी" येणार, ॲपवरून रोज भरायची, फेऱ्या हळूहळू बंद होतील. माझ्यासारख्यांसाठी यातली दारात उभी राहणारी बाजूच काढून घेतली जाते आहे, आणि व्याज तर तेच राहणार. काकांसारख्यांच्या पोटाचाही प्रश्न आहे. बँकांसाठी दारोदार ठेवी गोळा करणारे हे कामगारच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितलं होतं. मी शाखेत लेखी अर्ज दिला आहे: आमच्या बोळातली फेरी चालू ठेवा, हवं तर महिन्याला ५० रुपये सेवाशुल्क घ्या. शेजारच्या घड्याळवाल्यांनी आणि पानपट्टीवाल्या मावशींनीही खाली सह्या केल्या. पोच घेतली आहे, तिचा फोटो बहिणीकडे आहे. उत्तर यायचं आहे. काल ७:४० ला काका आले होते, ३५० दिले.