सात महिने किनोआ: गुडघा, फेस आणि नळाचं पाणी

मागच्या महिन्यात किनोआचं, म्हणजे त्या राळ्याएवढ्या बारीक परदेशी दाण्याचं, तिसरं पाकीट फोडलं. नेहमीसारखं एकदा खळबळून कुकरला लावलं, आणि पहिल्याच घासाला आमच्या ह्यांनी ताट सरकवलं. "रिठे शिजवलेस का?" कडू जहर! सासूबाई पहिल्या दिवसापासून 'तुझा तो महागाचा राळा' म्हणतात, त्यांना आयतंच निमित्त मिळालं.

त्यातली प्रथिनं, प्रथिनांतला लायसिन नावाचा घटक वगैरे तुम्हाला पाठ असेल, ते गाणं गात नाही. मी सुरू केलं गुडघ्यासाठी. डाव्या गुडघ्याची झीज झालीय, संध्याकाळी सूज येते. पाकिटावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, 'नैसर्गिक सॅपोनिनयुक्त, सूज कमी करण्यास मदत'. अर्ध्या किलोला दोनशे ऐंशी रुपये. तेवढ्यात मला सहा किलो ज्वारी आली असती, पण गुडघ्यापुढं हिशेब चालत नाही.

कंपनीला फोन लावला. बाई गोड बोलल्या, "मॅडम, कडूपणा म्हणजेच सॅपोनिन. फेस जाईपर्यंत पाच-सहा पाण्यांनी धुवा." म्हटलं, अहो, ज्याच्या नावानं पैसे घेतले तेच मोरीत ओतू? त्यांनी तक्रार क्रमांक दिला. तो अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे, पैसे मात्र परत आले नाहीत. आधीची दोन पाकिटं बहुधा धुऊन वाळवलेली होती, हे वेगळं. तसं पाकिटावर लिहायला काय जातं?

आता धुण्याचं. तांदूळ धुवायच्या चाळणीतून निम्मे दाणे खाली जातात, म्हणून जुन्या सुती लुगड्याचा तुकडा पातेल्यावर बांधते. हातानं चोळलं की साबणासारखा फेस वर येतो. दुसऱ्या पाण्यालाही तोच. चौथ्याला कुठं पाणी निवळतं. मी लातूरची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरी मोजलेल्या आम्ही. आजही नळाची वाट बघावी लागते. वाटीभर दाण्यासाठी अर्धी बादली मोरीत जाताना जीव तुटतो. चवीपेक्षा, किमतीपेक्षा माझा राग ह्या पाण्यावर आहे. ह्या अभिप्रायात दोन तारे देऊन विषय संपवणार होते.

पण भाची फार्मसीला आहे, ती दिवाळीला आली आणि तिनं माझं डोकं ताळ्यावर आणलं. सॅपोनिन दाण्याच्या सालीत असतं, पाखरांनी खाऊ नये म्हणून झाडानं केलेली सोय. २०१४ च्या एका प्रयोगात किनोआच्या सॅपोनिनमुळं दाह वाढवणारे पदार्थ, नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ-अल्फा, आयएल-६, कमी झालेले दिसले. पण ते उंदराच्या पेशींवर, काचेच्या भांड्यात. "मावशी, तुझा गुडघा त्या भांड्यात नव्हता." आणि दाह कमी करण्यासाठी ज्यांचं नाव घेतात ती क्वेर्सेटिन, केम्फेरॉल ही वनस्पतींतली द्रव्यं दाण्यातही असतात, धुतलं म्हणून सगळी जात नाहीत. मग म्हणाली, क्वेर्सेटिन कांद्यातही असतं, आणि चाकवत तर किनोआचा सख्खा भाऊबंद. दहा रुपयांची जुडी! हे आधी सांगायचं होतंस की गं.

गुडघ्याचं म्हणाल तर सूज कमी आहे, जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही. पण रात्रीचा भात सुटून चार किलो वजन उतरलंय, डॉक्टरांनी दिलेले मांडीचे व्यायामही चालू आहेत. मी श्रेय वजनाला देते. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच कमी केल्या, पाकीट वाचून नाही.

म्हणून तीन तारे. उपमा बरा होतो, मोड आल्यासारखी पांढरी शेपटी दिसते ती पोरांना आवडते. खिचडी मात्र करू नका, चिकट गोळा होतो.

धुवण आता बादलीत साठवते. परवा सासूबाईंनी गुपचूप त्यात आपली इरकल बुडवली, म्हणाल्या, रिठ्यासारखाच फेस की! नेसून आरशात दोनदा बघितलं. काल सकाळी स्वतःहून विचारलं, "आज राळा धुणारेस का?" त्यांची अजून एक इरकल बाकी आहे.