पाठांतरासाठी आयफोनचं ‘व्हॉइस मेमोज’

नाटकाच्या पाठांतरासाठी वेगळं अ‍ॅप विकत घ्यायची गरज नाही. आयफोनमध्ये आधीपासून असलेलं ‘व्हॉइस मेमोज’ पुरतं, फक्त रेकॉर्डिंग नीट करायला हवं.

अख्खा प्रवेश एका दमात रेकॉर्ड करू नका, दोन-तीन पानांचे तुकडे करा. समोरच्याची वाक्यं स्पष्ट पण सपाट वाचायची. त्यात अभिनय ओतला की आपलं उत्तर त्या सुराला चिकटतं, आणि तालमीत सहकलाकाराने वेगळा सूर लावला की वाक्य गळतं. आपलं वाक्य आलं की गप्प राहून ते मनात बोलायचं, वर एक सेकंद सोडायचा. जागा कमी पडली तर पुढचा क्यू, म्हणजे आपल्या वाक्याआधीचं समोरच्याचं वाक्य, अंगावर येतो आणि घाईने बोलायची सवय लागते.

क्यूचे शेवटचे तीन शब्दच रेकॉर्ड करायचे, हा आळस महागात पडतो. चौथ्या पानावर ‘मग पुढे काय झालं?’ आहे आणि अकराव्यावरही तेच आहे, तर नट चौथ्यावरून थेट अकराव्यावर जातो आणि मधल्या एन्ट्रीचा माणूस विंगेतच राहतो. समोरच्याचं वाक्य पूर्ण हवं.

अ‍ॅपमधली ‘स्किप सायलेन्स’ ही सोय आठवणीने बंद ठेवा. ती चालू असेल तर आपल्या वाक्यासाठी सोडलेली शांतताच गाळली जाते!

स्वतःची वाक्यं रेकॉर्ड करून नुसती ऐकत बसण्यात फारसा अर्थ नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात मजकूर पुन्हापुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने मात्र, न बघता आठवून पाहणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. ती रिकामी जागा त्यासाठीच.

बोरिवलीहून दादर-माटुंग्याला तालमीला येताना गर्दीत संहिता उघडता येत नाही. तिथे एका कानात इअरफोन घालून पुटपुटत दोन-तीन तुकडे आरामात होतात.

मोठी उणीव म्हणजे चूक कळत नाही. ‘पण’च्या जागी ‘परंतु’, ‘मला वाटतं’चं ‘मला वाटलं’, असं चुकीचंच घोटलं जातं. दर तिसऱ्या फेरीनंतर संहिता घरच्या कुणाच्या हाती द्या आणि शब्द न् शब्द तपासून घ्या.

स्वगताला मात्र हे निरुपयोगी, कारण तिथे क्यूच नसतो. त्यासाठी प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कागदावर लिहा: ‘मी काल दादरला गेलोच नव्हतो’चं ‘मी का दा गे न’. तेवढ्यावरून वाक्य उभं करायचं. अडलात तरच संहितेत पाहा.